आंधळगावच्या अलीकडे

सेल्फ मारतो. कर्र… कर्र… आणि मग नुसतंच टक्. डॅशबोर्डवरचे दिवे काजव्यासारखे मिणमिणतात.

"थांब, थांब. उगाच पिळू नको तिला," मामा ओट्यावरून ओरडतात. डोक्याला कानटोपी, अंगात फौजेतला हिरवा स्वेटर, हातात बंबातल्या कढत पाण्याचा तांब्या. मला वाटतं अंघोळीला निघालेत. ते सरळ बॉनेटकडे येतात.

शिरूरच्या अंगणात पहाटेचे पाच वाजलेत. मोबाइल 9 अंश दाखवतोय. सोलापूरला लेकीकडे गेलेली मामी सातच्या गाडीने दौंडला उतरणार आहे, तिला आणायचंय. गाडी माझी, बारा वर्षांची, डिझेलची. पण गेला महिनाभर ती इथेच चिंचेखाली उभी आहे, म्हणजे तिच्या अवस्थेला जबाबदारही मीच. मामांनी फौजेत सतरा वर्षं गाड्याच चालवल्या. त्यांच्यासमोर गाडी सुरू न होणं ही माझी परीक्षा आहे आणि निकाल लागलेला आहे.

बॉनेट वर जातं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आलाय, शिळ्या भाकरीवर बुरशी यावी तसा. आणि इंजिनाच्या मागच्या खोबणीत वाळलेलं पाचट, शेंगांची टरफलं, कापसाचे पुंजके, असा उंदराचा चांगला दोन खोल्यांचा संसार. शेजारच्या वायरचं प्लास्टिक दातांनी सोललंय, तांबं उघडं पडायचंच बाकी आहे.

"ऊस तुटला की हे सगळे भाडेकरू गावात येतात," मामा म्हणतात. घरटं उचलून बाहेर ठेवतात, वायरीला चिकटपट्टी गुंडाळतात आणि तंबाखूची एक पुडी कोपऱ्यात खोचतात. उंदराला तंबाखूचा वास सोसत नाही, असा या भागातल्या सगळ्या ड्रायव्हरांचा ठाम विश्वास आहे. उंदरांना तो कोणी कळवलाय की नाही, याबद्दल मला शंका आहे.

"आधी काळी वायर," ते मला पाना देतात. निगेटिव्ह सोडवतो, मग लाल. तांब्यात चिमूटभर खायचा सोडा पडतो, पाणी टर्मिनलवर ओतलं की फसफस होते आणि फुलोरा विरघळून खाली गळतो. खाली राखाडी शिसं चमकायला लागतं. जुन्या धोतराच्या फडक्याने कोरडं करून, लाल आधी, काळी शेवटी जोडून मामा वरून व्हॅसलीनचं बोट फिरवतात. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. एका बाजूला आवक घटली, दुसऱ्या बाजूला खर्च वाढला. त्यात वाटेतच हा फुलोरा अडत्यासारखा आपला वाटा कापून घेत असेल, तर सेल्फच्या हाती काय उरणार?

"ऑइल कुठलं टाकलंस?"

मी डब्याचा आकडा सांगतो, 20डब्ल्यू-50. मामा नुसतेच माझ्याकडे बघतात. त्या आकड्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या अलीकडचा आकडा जितका लहान, तितकं ते तेल थंडीत पातळ राहतं. आणि माझ्या गाडीच्या पुस्तकात 5 लिहिलंय. मागच्या सर्व्हिसिंगला दोनशे रुपये वाचवल्याचा मला केवढा आनंद झाला होता!

"चावी फिरव, पण सेल्फ मारू नको. हीटरचा दिवा विझू दे."

पिवळी वेटोळी खूण पेटते. एरवी मी तिच्याकडे बघतही नाही. आतले हीटर प्लग तापेपर्यंत आम्ही दोघं गप्प. दिवा विझतो. सेल्फ मारतो. एकदा नाही, दुसऱ्यांदा खोकल्यासारखं होतं, तिसऱ्यांदा पांढरा धूर सोडत गाडी थरथरून उठते. गोठ्यातली म्हैस मान वळवून बघते.

टायरमध्ये 33 हवी, मामांचा मीटर 28 दाखवतो. दहा अंशांनी थंडी वाढली की दीड-दोन पौंड हवा अशीच कमी भरते, बाकीची माझी दिवाळीपासूनची उधारी. गावाबाहेरच्या पंपावर ती फेडतो आणि न्हावऱ्याच्या रस्त्याला लागतो.

न्हावरं मागे पडेपर्यंत हवा स्वच्छ आहे, चांदण्या दिसतायत. आणि मग आंधळगावच्या अलीकडे रस्ता एकदम संपतो. संपतो म्हणजे समोर पांढरी भिंतच उभी राहते. चासकमान धरणाच्या पाण्याने भिजणारी शेतं, खाली भीमा, वर निरभ्र आकाश. रात्रभर जमीन आपली ऊब वर सोडत राहते आणि पहाटे ओलीवरच्या हवेतली वाफ अशी धुकं होऊन सांडते. गावाला हे नाव कोणी दिलं ठाऊक नाही, पण डिसेंबरातच दिलं असावं.

मी घाबरून अप्पर मारतो. भिंत आणखी पांढरी होते.

"डिप्पर कर. धुक्यावर उजेड टाकलास तर तोच उलटा तुझ्या डोळ्यांत येणार."

डिप्परवर करतो. रस्त्याची पांढरी कडा चार-पाच हात दिसायला लागते. तेवढ्यात आतून काच धूसर होते. मी बाहीने पुसतो, तिथे आणखी फराटे.

"एसी लाव."

"मामा, नऊ अंश आहे!"

"लाव म्हणतो ना. गरमचं बटण गरमवरच राहू दे."

लावतो. मिनिटभरात काच खालून वर निवळत जाते. आमच्या दोघांच्या श्वासाची वाफ त्या काचेवर बसली होती आणि एसी हवेतलं पाणी शोषून घेतो. बारा वर्षं मी हे यंत्र फक्त उन्हाळ्याचं समजून चाललो. मी चारही इंडिकेटर लावायला जातो, तर हातावर हलकी चापट बसते. "ते गाडी उभी असल्यावर. चालत्या गाडीला लावलेस तर तू वळणार कधी हे मागच्याला कसं कळणार?" मग ते स्वतःच्या बाजूची काच खाली करतात. थंडी आत घुसते.

"हे कशाला?"

"ऐक."

आधी काही ऐकू येत नाही. मग लांबून, धुक्याच्या पोटातून, ढोलकीचा ठेका. वाढत जातो. ट्रॅक्टरवर कर्णा लावून कोणीतरी लावणी ऐकतंय. गाणं पुढे आहे, पण किती पुढे? मी पाय ब्रेकवर ठेवतो. आणि काचेसमोर, अगदी बॉनेटच्या टोकाशी म्हणावं इतक्या जवळ, उसाचे बुडखे दिसतात. गोल, पांढरे, कापलेले. पन्नासेक बुडखे माझ्याकडे रोखलेले. त्यांच्या खाली दिवा नाही, पट्टी नाही. नुसता चिखल.

गाडी थांबते. माझ्या गुडघ्याला कंप सुटलाय. मामा काही बोलत नाहीत.

अर्धा मैल आम्ही त्या गाण्याच्या मागे वीसच्या वेगाने जातो. पारगावच्या पुलाअलीकडे चहाच्या टपरीशी ट्रॅक्टर थांबतो, दोन ट्रॉल्या, वर वाढ्याचे झुबके. आम्हीही थांबतो. ड्रायव्हर विशीतला पोरगा, बीडकडचा, डोक्याला मफलर, पायात चप्पल. मामा चिडतील असं मला वाटतं.

"पोरा, मागची रेडियमची पट्टी कुठंय?"

"होती मामा. कारखान्यानं दिली होती. भरताना मोळी घासून निघाली." जरा थांबून म्हणतो, "रात्री दोनपासून गाडीवर हाय."

मामा माझ्या डिकीत आपली पिशवी टाकून आलेत, हे मला आत्ता कळतं. पिशवीतून रेडियमचा लाल रोल निघतो, कात्री निघते, फडकं निघतं. मागच्या चॅनेलवरचा चिखल खरवडला जातो. पण लोखंड दवाने ओलं आणि बर्फासारखं गार. पट्टी लावली की सुटते, लावली की सुटते. पोरगा हसतो. मामा टपरीवाल्याकडे जाऊन वाफाळती किटली मागून आणतात आणि तिचं बूड लोखंडावर इस्त्रीसारखं फिरवतात. टपरीवाला "आवं, चहा सांडंल!" म्हणत मागोमाग येतो. आता पट्टी बसते. वरून अंगठ्याने दाबत, बुडबुडे काढत मामा ती सरळ करतात.

मी मोबाइलची बॅटरी मारून बघतो. नाव रेडियम, पण त्यात रेडियम औषधालाही नसतं. पट्टीत बारीक काचेचे मणी असतात, आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवणारे. म्हणून बॅटरी बाजूला धरली की पट्टी मुकी, डोळ्याशी धरली की निखारा.

चहा येतो. शेकोटीत पाचट टाकलं की भडका उडतो आणि लगेच बसतो. नदीपलीकडे केडगावच्या बाजूला गुऱ्हाळं पेटलीत, काकवीचा गोड वास धुक्यात मिसळलाय. मी मामांना फौजेतल्या लेहच्या दिवसांबद्दल विचारतो.

"तिकडं डिझेलच गोठायचं. आज तुझी खोबरेलची बाटली दगड झालेली बघितलीस ना? तसं. आम्ही टाकीखाली जाळ करायचो. रात्रभर इंजिन बंद करायचं नाही. आता म्हणे वेगळं डिझेल मिळतं."

मिळतं. इंडियन ऑइलने 2019 च्या नोव्हेंबरात लडाखसाठी ते आणलं, उणे 33 अंशांतही वाहणारं. मी हे सांगतो. मामा फुर्र करून चहा पितात.

"तिकडं थंडी मारायची," ते म्हणतात. "इथं थंडी काय करती रे? नाकाला पाणी." आणि हनुवटीने ट्रॉलीकडे दाखवतात.

पोरगा पैसे द्यायला लागतो, मामा त्याचा हात मागे करतात. तो ट्रॅक्टरवर चढतो, कर्णा परत सुरू होतो. पुलावर चढताना दोन लाल ठिपके आमच्या उजेडात पेटतात आणि लहान होत जातात. डावी पट्टी एका टोकाला सुटून फडफडतेय.

मामांचा फोन वाजतो. मामी आहे. गाडी धुक्यात अडकलीय, पाऊण तास लेट, आणि तुम्ही निघालात का घरून?

"कवाच," मामा म्हणतात आणि मला दुसऱ्या कटिंगची खूण करतात. मग रोल मांडीवर घेऊन किती पट्टी उरली ते वितीने मोजायला लागतात. न्हावऱ्याच्या बाजूने, धुक्यात, आणखी एक गाणं जवळ येतंय.