नुसता ऑक्सिजन लावून भागत नाही

इथे इलेक्ट्रॉनिक सिटीत मुलगा-सून आयटीत आणि गावाकडून आलेले आई-बाबा सोबत, अशी बरीच मराठी घरं आहेत. त्यांच्याकडून मला वरचेवर विचारलं जातं, "डॉक्टर, बाबांना जुना सीओपीडी आहे. रात्री घोरतात, मध्येच श्वास थांबतो. घरी ऑक्सिजनचं मशीन आणू का?"

मी म्हणतो, आधी झोपेची तपासणी करा.

विडीच्या किंवा चुलीच्या धुराने श्वासनळ्या अरुंद होतात, तो सीओपीडी. स्लीप ॲप्नियात अडथळा घशात असतो. झोपेत तिथले स्नायू सैल पडून हवेची वाट बंद होते. असं १० सेकंद किंवा जास्त वेळ, तासात ३० किंवा अधिक वेळा झालं, तर आजार तीव्र समजतात. दोन्ही आजार एकत्र असले की आधीच कमी असलेला ऑक्सिजन आणखी घसरतो. या जोडीला डेव्हिड फ्लेनली यांनी १९८५ मध्ये 'ओव्हरलॅप सिंड्रोम' हे नाव दिलं.

नुसत्या ऑक्सिजनने ऑक्सिमीटरवरचा आकडा सुधारतो, पण घशातली वाट उघडत नाही. काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. सकाळी डोकं दुखणं, दिवसा गुंगी, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. गोंधळ किंवा गुंगी वाढली तर लगेच रुग्णालयात न्या. मात्र डॉक्टरांनी सुरू केलेला ऑक्सिजन स्वतःहून बंद करू नका.

खरा उपचार सीपॅप. मास्कमधून येणारी दाबाची हवा घसा उघडा ठेवते. कॉलिन सलिव्हन यांनी सिडनीत ही पद्धत शोधली आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. कार्बन डायऑक्साइड जास्त असेल तर बायपॅप लागू शकतो, आणि गरज पडली तर ऑक्सिजन त्यालाच जोडतात. इनहेलर चालूच ठेवायचा. स्पेनमधल्या २०१० च्या एका अभ्यासात सीपॅप वापरणाऱ्या अशा रुग्णांमध्ये मृत्यू आणि रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण, न वापरणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं.

फुप्फुसाचा आजार बराच असेल तर ही तपासणी घरच्या छोट्या यंत्रावर न करता स्लीप लॅबमध्ये रात्रभर करावी. जाताना बाबांच्या घोरण्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ न्या. झोपेची गोळी विचारल्याशिवाय देऊ नका, दारूही नको. मास्क टोचत असेल तर मशीन कपाटात ठेवू नका, मास्कचा आकार बदलून घ्या. आणि बाबा परत गावी जाणार असतील, तर लोडशेडिंगसाठी बॅटरीची सोय आधीच करा.