बाणाची न दिसणारी वाट

सोलापुरांत ज्यानें माग चालतांना पाहिला आहे, त्याला धोट्याची धांव ठाऊक असते. धोटा या टोकाहून त्या टोकास जातो तो डोळ्यांस नीट दिसत नाहीं. कापडांत विणला गेलेला धागा मात्र त्याची वाट सांगतो. विणींत दोष राहिला तर तोही दिसतो. पण तो दोष हाताचा, धोट्याचा कीं मागाचा, हें कापड सांगत नाहीं. तिरंदाजाच्या बाणाचेंही तसेंच आहे. लक्ष्यावरील भोंक दिसतें, तेथवरचा प्रवास दिसत नाहीं. हा प्रवास मोजण्याचें काम आतां विजेवर चालणाऱ्या सूक्ष्म उपकरणांनीं, म्हणजे सेन्सरांनीं, पत्करलें आहे.

हा विषय महाराष्ट्रास परका नाहीं. ऑगस्ट २०२३ मध्यें बर्लिन येथें भरलेल्या जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यांत साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे हीं दोघें कंपाउंड धनुष्याच्या वैयक्तिक स्पर्धेंत जगज्जेतीं ठरलीं. अदितीचें वय त्या वेळीं अवघें १७ वर्षांचें होतें. ओजसानें अंतिम सामन्यांत १५ बाणांत १५० पैकीं १५० गुण मिळविले. प्रतिस्पर्ध्याचे गुण १४९ होते. जगज्जेता आणि उपविजेता यांच्यामध्यें फरक राहिला तो एका गुणाचा! जेथें निकाल इतक्या थोडक्यानें लागतो, तेथें बाण कां चुकला हें नेमकें कळणें किती मोलाचें आहे, हें सांगावयास नको.

ऑलिंपिकमधील साध्या धनुष्याचा पल्ला ७० मीटरांचा असतो. साडेआठ नऊवारी लुगडीं एकापुढें एक अंथरावीं, तेवढें हें अंतर. फलटण तालुक्यांतील सरडे गांवचा प्रवीण जाधव २०२१ सालीं टोकियो येथें याच पल्ल्यावर खेळला. लक्ष्याचा व्यास १२२ सेंटिमीटर व दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ १२.२ सेंटिमीटर असतो.

आतां थोडें गणित करूं. बाण सेकंदास ५५ मीटर वेगानें सुटला असें धरल्यास ७० मीटर जाण्यास त्याला सुमारें सव्वा सेकंद लागतो. तेवढ्या वेळांत पृथ्वीचें आकर्षण त्याला जवळजवळ ८ मीटर खालीं ओढतें. म्हणूनच तिरंदाज बाणाचें टोंक किंचित् वर धरतो. वेग ५५ ऐवजीं ५६ मीटर झाला तर ही घट सुमारें २८ सेंटिमीटरांनीं कमी होते. हवेचा विरोध या हिशेबांत धरलेला नाहीं. तरी मुद्दा स्पष्ट व्हावा. नेम तोच, हात तोच. परंतु वेगांत सेकंदास एका मीटराचा फरक पडतांच मध्यबिंदूवर बसावयाचा बाण सहा गुणांच्या वर्तुळांत जाऊन बसतो.

हा फरक डोळ्यांनीं कसा ओळखावा? त्यासाठीं प्रकाशाच्या दोन दारांचें कालमापक यंत्र असतें. समजा, हीं दारें एकमेकांपासून ६० सेंटिमीटरांवर आहेत. बाण पहिल्या दारांतून जातांना त्याची सावली प्रकाश-सेन्सरावर पडते व घड्याळ सुरू होतें. दुसऱ्या दारांत तें थांबतें. मधला काळ सेकंदाच्या शंभराव्या भागाहून किंचित् अधिक भरतो. ५५ व ५६ मीटर या वेगांमधील फरक ओळखावयाचा, तर सेकंदाचे दहा हजार भाग करून त्यांतील दोन भाग वेगळे दाखवितां आले पाहिजेत. पापणी लवेपर्यंत जो बाण कित्येक मीटर पुढें जातो, त्याचा हिशेब माणसानें कसा ठेवावा?

दुसरें साधन बाणाच्या अंगांतच बसतें. बाणाचें टोंक काढून त्याच्या जागीं वेगांतील बदल मोजणारा चिमुकला सेन्सर बसवितात. येथें दोन अडचणी असतात. पहिली वजनाची. बाण सुमारें २० ग्रॅम, म्हणजे पावणेदोन तोळ्यांचा. सेन्सरानें त्यांत भर घातली तर मोजला जाणारा बाण निराळाच होतो. म्हणून उपकरणाचें वजन मूळच्या टोंकाइतकेंच ठेवावें लागतें. दुसरी अडचण धक्क्याची. दोरी बाणाला अर्धा मीटर ढकलीत असतां त्याचा वेग शून्यापासून ५५ मीटरांपर्यंत नेते. त्या क्षणीं बाणावरील सरासरी जोर त्याच्या वजनाच्या तीनशें पट असतो. एवढा तडाखा सोसून सेन्सर पुढील प्रवासाची नोंद ठेवतो, आणि लक्ष्यांतून बाण काढल्यावर ती वाचतां येते.

बाण सरळ जातो हीही एक समजूतच आहे. बोटांवरून दोरी सुटतांना बाण वांकतो आणि पाण्यांतील माशाप्रमाणें वळवळत धनुष्याच्या दांड्यास वळसा घालून निघतो. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील क्लॅरेन्स हिकमन व पॉल क्लॉप्स्टेग या पदार्थविज्ञानवेत्त्यांनीं धनुष्यबाणाचा प्रयोगशाळेंत अभ्यास केला. वेगवान छायाचित्रांनीं हें वांकणें लोकांपुढें आलें. पुढें जपानी शास्त्रज्ञांनीं चुंबकाच्या बळानें बाण वाऱ्याच्या बोगद्यांत अधांतरीं धरून त्यावरील हवेचा विरोध मोजला. बाणालगतची हवा शांतपणें वाहते कीं खळबळते, यावर तो विरोध पुष्कळच कमीअधिक होतो, असें त्यांना आढळलें.

अर्जुनाला पक्ष्याचा डोळा दिसला, ही एकाग्रता कोणतेंही यंत्र देऊं शकत नाहीं. सामन्याच्या वेळीं धनुष्यावर विजेचें साधन लावण्यास नियमांचीच मनाई आहे. सेन्सराची जागा सरावाच्या मैदानांत आहे, आणि तेथें त्याचा खरा उपयोग न्यायदानाचा आहे. बाण चुकला कीं शिकाऊ मुलास "तुझा हात हलला" असें सांगितलें जातें. कित्येकदां तें खरेंही असतें. पण कधीं दोरी सैल झालेली असते, कधीं एक बाण इतरांहून जड असतो, कधीं पीस फाटलेलें असतें. दहा बाणांचे वेग जुळले आणि तरीही ते विखुरले, तर दोष नेमांत किंवा सोडण्यांत शोधावा. वेगच जुळले नाहींत, तर आधीं दोरीची खेंच व बाणांचीं वजनें तपासावींत.

महाग यंत्र प्रत्येक गांवीं पोहोंचणार नाहीं. तथापि सोनाराच्या कांट्यावर बाण तोलणें, प्रत्येक बाणाला क्रमांक देणें व कोणता बाण कोठें लागला हें वहींत टिपणें, एवढें तर कोणासही करतां येईल. सेन्सर तरी याहून वेगळें काय करतो? तो अंदाजाच्या जागीं मोजमाप आणतो. मजुरी करणाऱ्या घरांतील मूल जेव्हां धनुष्य हातीं घेतें, तेव्हां त्याच्या नशिबीं बाणाचा दोष येऊं नये आणि स्वतःचा दोष त्यानें बाणावर ढकलूं नये, इतकें साधलें तरी मोजण्याचे श्रम सार्थकीं लागले असें म्हणतां येईल.