घरच्या करवतीची उंची किती? आधी कोपर मोजा

पावसाळ्यात परसातला जुना फणस किंवा आंबा आडवा होणे बिरवाडी-पोलादपूरकडे नवे नाही. तो वखारीत न्यायचा तर टेम्पोभाडे, चढवण्या-उतरवण्याची मजुरी आणि वर कटाईचा दर द्यावा लागतो. म्हणून रुळांवरून पुढे ढकलायचे छोटे कटाई यंत्र घरीच बसवावे, असे अनेकांच्या मनात येते. ही यंत्रे बहुधा थेट जमिनीवर मांडली जातात आणि पहिल्याच दिवशी कंबर धरते.

परवाना आधी

यंत्र घरगुती असले तरी कायदा सुटत नाही. ओंडके यंत्राने चिरायचे तर आरागिरणीच्या परवान्याचा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २००२ च्या आदेशाने नव्या आरागिरण्यांवर कडक बंधने घातली. पुढे २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी हा विषय राज्यस्तरीय समितीकडे सोपवला. झाड तोडण्याची परवानगी वेगळी. तिच्यासाठी १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, ऐन, किंजळ ही आपल्या ओळखीचीच झाडे आहेत. त्यामुळे यंत्राची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी महाडच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन यावे.

कंबर का धरते?

आठ फूट लांब, ४० सेंटिमीटर जाड ओला ओंडका सुमारे २७० किलोचा भरतो. त्यातून निघणारी इंचभर जाडीची सर्वांत रुंद फळी साधारण २२ किलोची. ओंडका जमिनीलगत असेल तर अशी एकेक फळी वाकून उचलावी लागते. एका ओंडक्यात दहा-बारा फळ्या आणि दिवसाला तीन ओंडके धरले, तर किती वेळा वाकणे झाले ते मोजा. यंत्रे येण्याआधीचे करवतकरी ओंडका उंच घोडीवर चढवून एक वर, एक खाली असे उभ्यानेच चिरत.

हिशेब कसा?

सरळ उभे राहून हात काटकोनात वाकवावा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजावे. जोर लावायचे काम कोपराच्या १५ ते ४० सेंटिमीटर खाली असावे, असा साधारण संकेत आहे. कोपर १०० सेंटिमीटरवर असेल तर ६० ते ८५ सेंटिमीटरचा पट्टा सोयीचा.

इथे एक गोम आहे. चिरत जाऊ तसा ओंडका उतरत जातो. बैठक ६० सेंटिमीटरवर ठेवली तर ४० सेंटिमीटरच्या ओंडक्याचा पहिला काप थेट कोपराच्या रेषेत, जवळजवळ मीटरभर उंचीवर येतो. बैठक ४५ ते ५० सेंटिमीटरवर ठेवली तर बराचसा काप सोयीच्या पट्ट्यात पडतो. तळाच्या दोन-तीन फळ्यांनाच थोडे वाकावे लागते. दोघे काम करणार असतील तर उंच माणसाच्या मापाने बसवावे. बुटक्याला फळ्यांचा रुंद चौथरा करून देता येतो, उलटे जमत नाही.

मग ओंडका चढवायचा कसा?

उंची वाढवली की हा प्रश्न येतोच, आणि त्याचे उत्तर इथल्या उतरत्या जमिनीत आहे. गुडघाभर उंच, पक्क्या रचलेल्या बांधाच्या पायथ्याशी यंत्र बसवले, तर वरच्या खाचरातला ओंडका दोन जाड वाशांवरून सरळ बैठकीवर गडगडत येतो. बांधातून पाणी झिरपते, त्यामुळे मागे चर खणणे आले. ओंडका येताना त्याच्या वाटेत, उताराच्या बाजूला कोणी उभे राहू नये.

बांध नसेल तर वाशांचाच उतार करावा. ४५ सेंटिमीटर चढायला १३५ सेंटिमीटरचे वासे पुरतात. वरच्या अंगाला पक्क्या खुंटाला दोर बांधून तो ओंडक्याखालून घ्यावा, वरून परत आणावा आणि ओढावा. घर्षण सोडले तर २७० किलोच्या ओंडक्याला ४५ किलोच्या आसपास ओढ पुरते, म्हणजे दोन माणसांचे काम. तिसऱ्याने बाजूला उभे राहून पाचर सरकवत राहावी.

उंच बैठक डुगडुगली तर मात्र सगळे फुकट. पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बोल्टने आवळावेत, तिरप्या पट्ट्या माराव्यात आणि दोन्ही रूळ पाणसळीने तपासावेत. एक पाय खचला की फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ निघते. पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणसळ पुन्हा लावून पाहावी.

राहिली मोटार. बिरवाडीजवळून वाहणारी काळ नदी सावित्रीला मिळते, आणि २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली गेले होते. अशा पुरापुढे ५० सेंटिमीटरची उंची काहीच नाही. जून लागला की मोटार आणि स्विचची पेटी सोडवून माळ्यावर टाकलेली बरी.