आग्रह आणि सक्ती : इंग्रजी क्रियापदांतील अर्थभेद

इंग्रजी पत्रव्यवहाराचे मराठीत भाषांतर करताना काही क्रियापदे वरकरणी समानार्थी भासतात. ढकलणे, हाकणे या अर्थाच्या ‘पेलेरे’ या लॅटिन क्रियापदापासून अशा शब्दांचे एक कुटुंबच निर्माण झाले आहे. ‘प्रोपेल’ म्हणजे पुढे ढकलणे; बोटीचा प्रोपेलर हेच कार्य करतो. ‘एक्स्पेल’ म्हणजे बाहेर काढणे, तर ‘रिपेल’ म्हणजे परतवून लावणे. ‘इम्पेल’मधील प्रेरणा बहुधा अंतःकरणातून येते, कर्तव्यबुद्धी मनुष्याला कृतीस प्रवृत्त करते. ‘कम्पेल’चा मूळ अर्थ हाकून एकत्र आणणे असा आहे; त्यात सक्ती अभिप्रेत असते.

‘अर्ज’ या इंग्रजी क्रियापदाचे कुळ निराळे. मराठीतील अर्जाशी त्याचा काहीही संबंध नाही. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ रेटणे असा होता. आता माणसांच्या संदर्भात त्याचा अर्थ कळकळीने आग्रह करणे असा होतो. निर्णय ऐकणाऱ्याच्याच हाती राहतो.

हा भेद केवळ शब्दकोशापुरता नाही. संविधानाच्या अनुच्छेद २० च्या खंड (३) अन्वये आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. इंग्रजी पाठात तेथे ‘कम्पेल’ हेच क्रियापद योजिले आहे. उलट, पालकांना मुलांच्या लसीकरणाविषयी आग्रह करावा, या सूचनेचे ‘पालकांना भाग पाडावे’ असे भाषांतर झाल्यास विनंतीचा हुकूम होतो आणि ग्रामस्थांचा विश्वास ढळतो. म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : समोरच्यास नकार देण्याची मुभा आहे काय?