दमा नेमका किती जणांना? ऐकीव आकड्यांची झडती

दम्याबद्दल दोन परस्परविरोधी विधाने सारख्याच ठामपणे केली जातात. एक, हल्ली घरटी एक दमेकरी असतो. दुसरे, आपल्याकडे दमा कमीच, तो थंड देशांचा आजार. दोन्ही चालतात याचे कारण आजाराच्या स्वभावात आहे. दम्यात श्वासनलिका आकसतात आणि औषधाने किंवा आपोआप पुन्हा मोकळ्या होतात. दोन झटक्यांच्या मधल्या काळात माणूस ठणठणीत असू शकतो, छातीचा एक्स-रेही बहुधा स्वच्छ येतो. त्यामुळे मोठ्या लोकसंख्येत दमा मोजायचा तर मुख्यतः प्रश्न विचारूनच मोजावा लागतो. कोणाला विचारले आणि काय विचारले, हे पाहिल्याशिवाय कोणताही आकडा पुढे ढकलणे बरोबर नाही.

‘शहरांत दर तीन मुलांमागे एकाला दमा आहे.’

हा आकडा कोणी हवेत काढलेला नाही, म्हणून तो इतका टिकला. बंगळूरमध्ये १९७९ ते १९९९ या काळात अठरा वर्षांखालील २०,००० मुलांची पाहणी झाली. तीत दम्याचे प्रमाण ९ टक्क्यांवरून २९.५ टक्क्यांवर गेलेले दिसले. मात्र ही पाहणी रुग्णालयातली होती. रुग्णालयात आलेल्या मुलांमधले प्रमाण हे शहरातल्या सगळ्या मुलांमधले प्रमाण नव्हे, कारण तिथे मूल येते तेच तक्रार घेऊन. शाळाशाळांत जाऊन विचारले की चित्र बदलते. ‘ग्लोबल अस्थमा नेटवर्क’च्या भारतातील पाहणीत पुण्यासह नऊ केंद्रांतून सव्वा लाखाहून अधिक मुले आणि पालक सहभागी झाले. गेल्या बारा महिन्यांत छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज आला का, हा त्यातला कळीचा प्रश्न. सहा-सात वर्षांच्या ३.१६ टक्के आणि तेरा-चौदा वर्षांच्या ३.६३ टक्के मुलांच्या बाबतीत उत्तर ‘हो’ आले. म्हणजे प्रमाण साधारण तिसांत एक, तिनांत एक नव्हे. बंगळूरची वाढ दुर्लक्ष करण्याजोगी नाही. पण तिच्यावरून देशाचे प्रमाण काढता येत नाही.

‘दमा शहरातला आजार, खेड्यातल्या मोकळ्या हवेत तो होत नाही.’

१९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दम्याचे प्रमाण सुमारे अडीच टक्के नोंदले गेले, आणि ते शहरांपेक्षा ग्रामीण भागात जास्त होते. त्यानंतरच्या सर्वेक्षणातही ग्रामीण प्रमाणच अधिक दिसले. देशातल्या बारा केंद्रांवर पंधरा वर्षांवरील १,६९,५७५ जणांची जी मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत दम्याचे प्रमाण २.०५ टक्के निघाले. त्याच्याशी ज्या गोष्टींचा संबंध आढळला त्यांत वाढते वय, घरातल्या जवळच्या नातलगाचा दमा, विडी-सिगारेट, दुसऱ्याच्या विडीचा धूर आणि स्वयंपाकाचे धुरकट इंधन होते. शिवार मोकळे असते, पण लाकूड आणि गोवऱ्या जळत असलेले, धुराडे नसलेले स्वयंपाकघर मोकळे नसते, आणि तिथे बाईचे दिवसाचे कित्येक तास जातात.

तरीही गैरसमज टिकतो, कारण छातीचे डॉक्टर आणि श्वासाची तपासणी शहरात आहे. खेड्यात त्याच त्रासाला ‘धाप लागते’, ‘छाती भरते’ म्हणून सोडून दिले जाते. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. वर्षानुवर्षांच्या धुराने फुप्फुसांचा सीओपीडी हा निराळा आजार होतो आणि बोलण्यात तोही ‘दमा’च ठरतो. घरोघर विचारून काढलेल्या ग्रामीण आकड्यात त्याची थोडी भेसळ असणारच. दोन्हींतला फरक स्पायरोमेट्रीने बराचसा कळतो. त्या यंत्रात जोराने फुंकायचे, मग औषध घेऊन थोड्या वेळाने पुन्हा फुंकायचे. दुसऱ्या वेळी फुंकर ठळकपणे सुधारली तर दम्याकडे बोट जाते.

‘जिथे हवा सर्वांत घाण, तिथे दमा सर्वांत जास्त.’

हे खरे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. धुरक्याच्या दिवसांत दमेकऱ्यांचे हाल होतात आणि ओपीडीतली गर्दी वाढते, हे कोणालाही दिसते. पण असलेला दमा भडकणे आणि एखाद्या समाजात दमा जास्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९० च्या दशकात ५६ देशांतल्या मुलांची तुलना झाली, तेव्हा शिट्टीसारख्या आवाजाचे प्रमाण सर्वाधिक निघाले ते ब्रिटन, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया या देशांत. भारत आणि चीन बरेच खाली होते. जर्मनीच्या एकीकरणानंतरचा अनुभव आणखी बोलका आहे. पूर्वेकडचे लाइपझिग कोळशाच्या धुराने काळवंडलेले, पश्चिमेचे म्युनिक त्यामानाने स्वच्छ. संशोधक एरिका फॉन म्यूटियस यांनी दोन्हीकडची मुले तपासली, तेव्हा ब्राँकायटिस लाइपझिगमध्ये जास्त निघाला. दमा आणि अॅलर्जी मात्र म्युनिकमध्ये. आनुवंशिकता, लहानपणी भेटलेले जंतू, घरातली धूळ आणि त्यातले सूक्ष्म कीटक, वाहनांचा धूर, हे सगळे मिळून प्रमाण ठरवतात. यातून प्रदूषणाला निर्दोष ठरवता येणार नाही. हवेच्या निर्देशांकावरून दम्याचा नकाशा काढता येत नाही, एवढेच.

‘दमट किनाऱ्यावर दमा, कोरड्या हवेत सुटका.’

घरातल्या धुळीतले कीटक आणि बुरशी ओलाव्यात फोफावतात, म्हणून यात थोडे तथ्य आहे. पण कोरड्या हवेतही परागकण आहेत, धूळ आहे, धूर आहे. वरच्या बारा केंद्रांच्या पाहणीत प्रमाण कुठे अर्ध्या टक्क्याहून कमी, तर कुठे पाच टक्क्यांच्या जवळ होते. या फरकामागे हवामान आहे, तसे इंधन, वय, व्यसन आणि तक्रार सांगण्याची सवयही आहे. केवळ दम्यासाठी गाव बदलणाऱ्याला खात्री देता येत नाही.

‘दोन-तीन टक्के म्हणजे किरकोळ आजार.’

सर्वांत घातक समज हाच. इतक्या मोठ्या देशात दोन-तीन टक्के म्हणजे कोट्यवधी माणसे. २०१९ च्या जागतिक आजारभार अंदाजानुसार भारतात सुमारे ३.४३ कोटी दमेकरी होते, म्हणजे जगातले साधारण १३ टक्के. दम्याने होणाऱ्या जगातल्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक होता. ज्या आजाराचे रुग्ण जगाच्या आठव्या हिश्श्याइतके, त्याचे मृत्यू जवळपास निम्मे! आजार इथे अधिक उग्र आहे असे म्हणून हे सुटत नाही. पुण्यासह झालेल्या त्या नऊ केंद्रांच्या पाहणीत उत्तर दिसते. ज्यांच्या छातीत शिट्टी वाजत होती, त्यांतल्या ८२ टक्के जणांना दम्याचे निदानच झालेले नव्हते. तीव्र त्रास असलेल्यांतही ७० टक्के निदानाबाहेर होते. मुलीच्या लग्नात अडचण येईल, शाळा मैदानावर उतरू देणार नाही, या धास्तीने घरात तो शब्द नको असतो. मग निदान ‘अॅलर्जीचा खोकला’ या नावावर थांबते आणि उपचार खोकल्याच्या बाटलीवर.

‘पंपाची सवय लागते, गोळी सौम्य.’

हिशेब करून पाहावा. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या सॅल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाची एक गोळी ४ मिलिग्रॅमची येते. म्हणजे एका गोळीत चाळीस फवाऱ्यांइतके औषध, आणि ते आधी पोटात, रक्तात, सगळ्या शरीरभर फिरते. म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट श्वासनलिकेत जातो. सवयीचा समज येतो तो एका खऱ्या निरीक्षणातून: पंप सोडला की त्रास परततो. पण चष्मा काढल्यावर अंधूक दिसते म्हणून चष्म्याची सवय लागली असे कोणी म्हणत नाही. धोका खरा आहे तो वेगळाच. केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर वर्षानुवर्षे भागवायचे आणि सूज आवरणारा स्टिरॉइडचा पंप टाळायचा, यात जीव जातो. दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी २०१९ पासून केवळ आरामाच्या पंपावर उपचार करणे बंद करायला सांगितले आहे.

‘रुग्णसंख्या वाढली, म्हणजे आजार हाताबाहेर गेला.’

बारा केंद्रांच्या पाहणीवरून १.७२ कोटी, दुसऱ्या अंदाजात ३.७९ कोटी, तिसऱ्यात ३.४३ कोटी. हे आकडे एकापुढे एक मांडून दमा आधी दुप्पट झाला आणि मग घटला, असा निष्कर्ष काढणे चूक आहे. पहिला फक्त प्रौढांचा आहे, पुढचे दोन सर्व वयांचे आणि निराळ्या पद्धतीचे. नोंदलेला आकडा वाढणे हे नेहमी वाईट लक्षणही नसते. फिनलंडने १९९४ ते २००४ अशी दहा वर्षांची राष्ट्रीय दमा मोहीम राबवली. गावपातळीवरचे डॉक्टर, परिचारिका आणि औषधविक्रेते यांना प्रशिक्षण दिले, निदान लवकर केले आणि सूज आवरणारे औषध पहिल्यापासून सुरू केले. त्या काळात औषध घेणाऱ्या दमेकऱ्यांची संख्या वाढली, आणि दम्यामुळे रुग्णालयात काढाव्या लागणाऱ्या दिवसांची संख्या निम्म्याहून खाली आली. निदानाबाहेरचे ८२ टक्के लोक जेव्हा दवाखान्यात पोहोचतील, तेव्हा भारतातही नोंदींत असाच चढ दिसेल.