सूड पडद्यावर, शुश्रूषा वॉर्डात

ऑगस्ट २०२४. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या झाल्याच्या बातमीला आठवडा झाला होता. सकाळच्या राउंडला आमच्या युनिटमधली निवासी डॉक्टर गप्प होती. विश्रांतीच्या खोलीला आतून कडी नव्हती, म्हणून ती रात्रभर वॉर्डातल्या खुर्चीतच बसून राहिली होती. दुपारी कॅज्युअल्टीत एक वृद्ध दगावले आणि त्यांच्या मुलाने इंटर्नची कॉलर धरली.

रात्री टीव्हीवर तीच बातमी. वाहिनी बदलली तर 'गब्बर इज बॅक' लागलेला. गुन्हेगारांना परस्पर शिक्षा देणारा नायक पाहून मला चक्क बरे वाटले.

असे का होते? संतापात मेंदूतील अमिग्डला सक्रिय होतो, अ‍ॅड्रेनलिन वाढते, नाडी व रक्तदाब चढतो. शरीर लढायला सज्ज होते, पण समोर कुणीच नसते. मग पडद्यावरचा नायक आपल्या वतीने लढतो.

'राग बाहेर पडला की माणूस शांत होतो' हा समज मात्र प्रयोगांत टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधील प्रयोगात, चिडवणाऱ्याला डोळ्यांपुढे आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे अधिकच चिडले. नुसते बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. बातम्यांचेही तसेच. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील बॉम्बस्फोटांनंतर, आठवडाभर रोज सहा किंवा अधिक तास त्याच बातम्या पाहणाऱ्यांत तीव्र तणावाची लक्षणे प्रत्यक्ष स्फोटस्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली.

आणखी एक गोष्ट मला उशिरा जाणवली. त्याच चित्रपटात मृत माणसावर उपचाराचे नाटक करून पैसे उकळणारे रुग्णालय आहे. दुपारी कॉलर धरणाऱ्या मुलाच्या मनात कदाचित तेच चालले असेल: तो नायक आणि आमचा इंटर्न खलनायक. परस्पर न्याय करणाऱ्याला आपण चुकत असू, अशी शंका येत नाही.

अशा वेळी मला परळ आठवते. केईएममधील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. साखळीने गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. हल्लेखोराला दरोडा व हत्येच्या प्रयत्नासाठी अवघी सात वर्षे शिक्षा झाली; बलात्काराचा आरोपच ठेवला गेला नाही. सूडपटाला याहून चांगले कथानक कुठले? पण केईएमच्या परिचारिकांनी १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कुशीवर वळवले. इतक्या वर्षांत शय्याव्रण होऊ दिला नाही. आधीच्या निवृत्त होत गेल्या, नव्या येत गेल्या. अन्यायाची चीड त्यांनाही होतीच. १९७३ मध्ये त्या संपावरही गेल्या होत्या.

म्हणून सांगतो: हिंसेची बातमी दिवसातून एकदाच, ठरावीक वेळी पाहा. झोपण्यापूर्वी नको. छाती धडधडली तर सावकाश श्वास सोडा, कुणाशी तरी बोला. झोप उडाली, भीती जाईना, तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. आणि आपल्या हाती असलेले एखादे काम शोधा.

मी दुसऱ्या दिवशी कडीसाठी अर्ज केला. चार वेळा आठवण करावी लागली. नवव्या दिवशी सुतार आला. त्या रात्री आमची डॉक्टर दोन तास झोपली.