उताऱ्यात नसलेले खरे

ऋण गुणांचा हिशेब या आठवड्यात मांडायचे कबूल केले होते. तो पुढे ढकलतो, कारण गेल्या भागातली विधान-निष्कर्षाची वर्तुळे वाचून कन्नडच्या एका वाचकाने जो प्रश्न विचारला आहे, तो चार ओळींच्या उत्तरात मावणारा नाही. ते लिहितात की विधान-निष्कर्षात त्यांचे गुण बरे पडतात, सामान्य ज्ञानाचा ठोकळा दोनदा वाचून झाला आहे, वाचनाची आवड लहानपणापासूनची आहे. तरी उताऱ्यांवर मार बसतो, आणि तोही ओळखीच्या विषयावरच्या उताऱ्यांवर. कुठल्या तरी अनोळखी अर्थशास्त्रीय वादावर उतारा आला तर ते निभावून नेतात, वेरूळवर आला की घसरतात. त्यांना हा योगायोग वाटतो. मला तो वाटत नाही. क्लासच्या वेळापत्रकात सामान्य ज्ञान, बुद्धिमापन आणि आकलन हे तीन तास एकामागून एक लावलेले असतात आणि तिन्ही एकमेकांना हातभार लावतात असे सगळे धरून चालतात. माझे म्हणणे असे, की राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या पेपर दोनच्या उताऱ्यात सामान्य ज्ञान बऱ्याचदा आकलनाच्या आडवे येते, आणि ते कधी बाजूला ठेवायचे याचा वेगळा सराव करावा लागतो. तो सहसा कुणी करून घेत नाही.

उदाहरण घरचेच घेऊ. पुढचा उतारा मी या लेखासाठी तयार केला आहे. ‘पाणचक्कीला शहराबाहेरच्या डोंगराकडून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून पाणी येई. ते एका उंच भिंतीत वर चढवलेले होते आणि तिथून पडणाऱ्या धारेच्या जोरावर खालचे पाते फिरे. पात्याला जोडलेल्या जात्यावर दर्ग्यात येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाई.’ प्रश्न : उताऱ्यावरून कोणता निष्कर्ष काढता येतो? पर्याय एक, या शहराला नहरींनी पाणी पुरवण्याची सुरुवात मलिक अंबरने केली. पर्याय दोन, हे जाते फिरवायला माणसाचे किंवा जनावराचे बळ लागत नसे. पर्याय तीन, पाणचक्कीचा मुख्य हेतू शहराला पिण्याचे पाणी पुरवणे हा होता. पर्याय चार, त्या काळी दख्खनमध्ये असे तंत्र दुसरीकडे कुठेही नव्हते. लातूरच्या किंवा चंद्रपूरच्या मुलापुढे हा प्रश्न ठेवला तर तो तीन ओळी पुन्हा वाचेल आणि दोनवर खूण करेल. संभाजीनगरच्या मुलाचा हात मात्र आधी एकवर जातो. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी या नावाने हे शहर वसवले, नहरी बांधल्या, हे त्याला शाळेपासून पाठ आहे. पर्याय खराही आहे. फक्त उताऱ्यात मलिक अंबराचे नाव कुठेही नाही. वाईट पर्याय खोटा असतो असे आपण समजतो. परीक्षकाचा सगळ्यात घातक पर्याय खरा असतो.

वेरूळची गोष्ट याहून नाजूक आहे. समजा उताऱ्यात एवढेच आहे की वेरूळच्या 34 लेण्यांपैकी 12 बौद्ध, 17 हिंदू आणि 5 जैन आहेत. निष्कर्षांत एक पर्याय असतो : त्या काळी तिन्ही धर्मांचे लोक इथे सलोख्याने नांदत होते. हा पर्याय निवडणारा विद्यार्थी इतिहासाची पुस्तके वाचलेला असतो, मनाने चांगला असतो आणि चुकलेला असतो. उताऱ्यातल्या तीन आकड्यांवरून लेणी एकाच काळात कोरली गेली की एकामागून एक, हेही कळत नाही. एकाचा आश्रयदाता गेल्यावर दुसऱ्याचा आला असेल, तरी हेच आकडे जुळतात. सलोखा होता की नाही हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि त्याचे पुरावे वेगळीकडे आहेत. परीक्षेत विचारलेला प्रश्न मात्र एवढाच असतो, की या तीन आकड्यांतून काय निघते.

ही खोड फक्त परीक्षार्थींची नाही. प्लिमथच्या जोनाथन इव्हान्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1983 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना दोन विधाने आणि एक निष्कर्ष द्यायचा आणि निष्कर्ष विधानांतून अटळपणे निघतो का, एवढेच विचारायचे. एक नमुना असा : कोणतीही व्यसन लावणारी वस्तू स्वस्त नसते, काही सिगारेटी स्वस्त असतात, म्हणून काही व्यसन लावणाऱ्या वस्तू सिगारेटी नसतात. गेल्या आठवड्याची वर्तुळे काढून बघा, निष्कर्ष निघत नाही. तरी तो जगाशी जुळतो, आणि अशा चुकीच्या पण पटणाऱ्या निष्कर्षांना 71 टक्के वेळा मान्यता मिळाली. तितक्याच चुकीच्या, पण न पटणाऱ्या निष्कर्षांना मिळाली 10 टक्के. उलट्या बाजूने, बरोबर आणि पटणारे निष्कर्ष 89 टक्के वेळा स्वीकारले गेले, तर बरोबर पण न पटणारे 56 टक्के. तर्काने फरक पडतो हे या आकड्यांत दिसते, पण विश्वासानेही पडतो, आणि निष्कर्ष चुकीचा असताना तर फार मोठा पडतो. म्हणून बँकेच्या परीक्षांत विधान-निष्कर्षाच्या प्रश्नांवर सूचना छापतात, की दिलेली विधाने सर्वज्ञात तथ्यांशी विसंगत वाटली तरी खरी धरून चाला. कन्नडच्या वाचकांचे तिथे गुण का जात नाहीत, याचे उत्तर या सूचनेत आहे. ‘सर्व टेबले ढग आहेत’ असे वाचल्यावर जगाचे ज्ञान आपोआप गप्प बसते. उताऱ्यावर असा पहारा नसतो. तिथे वाक्ये शहाणी असतात, विषय गंभीर असतो, आणि आपली माहिती आत शिरते तेव्हा तिची चाहूलही लागत नाही.

यात लाज वाटण्यासारखे काही नाही, हेही सांगून ठेवतो. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी 1931 आणि 1932 मध्ये उझबेकिस्तानच्या खेड्यांत शेतकऱ्यांना विचारले होते : अतिउत्तरेला, जिथे बर्फ असते, तिथली सर्व अस्वले पांढरी असतात, नोवाया झेमल्या अतिउत्तरेला आहे, तिथली अस्वले कोणत्या रंगाची? निरक्षर शेतकऱ्यांची उत्तरे साधारण अशी, की आम्ही तिथे गेलो नाही, आम्ही पाहिले ते अस्वल काळे होते, जो गेला असेल त्याला विचारा. पुस्तकांत हे उदाहरण तर्काच्या अभावाचे म्हणून येते आणि ते मला अन्यायाचे वाटते. आपल्या नैयायिकांनी त्या शेतकऱ्याची बाजू घेतली असती. न्यायदर्शनातल्या अनुमानाला पाच अवयव आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. तिसरा अवयव डोळ्यांनी पाहिलेला दाखला मागतो. डोंगरावर धूर म्हणून विस्तव म्हणायचे, तर स्वयंपाकघर दाखवावे लागते. आणि धूर म्हणून दाखवलेली ती धूळच निघाली, तर सगळे अनुमान हेत्वाभासात जमा. खोट्या विधानांवरून काढलेला बरोबर निष्कर्ष ही चीज त्या व्यवस्थेत फारशी मोलाची नाही, कारण तिथे अनुमान हे ज्ञान मिळवण्याचे साधन आहे. परीक्षेतला तर्क दुसऱ्या घराण्याचा, ॲरिस्टॉटलच्या आकारिक परंपरेतला. तो आपल्या अंगवळणी नसेल तर तो शिकावा लागतो, इतकेच.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात वजनदार असा, की माहिती असली की वाचन चांगले होते, हे तर सिद्ध झालेले आहे. खरे आहे. अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी 1988 मध्ये सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. हा प्रयोग मी नाकारत नाही. मात्र त्यात मुलांना करायचे होते ते सामना मांडून दाखवणे, सांगणे, त्याचा सारांश देणे. चार पर्यायांतला कोणता उताऱ्याने सांगितला आणि कोणता फक्त जगात खरा आहे, ही निवड तिथे नव्हती. रेपो दर म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर चलनवाढीवरचा उतारा चाचपडत वाचावा लागेल, यात वाद नाही. म्हणजे उतारा समजेपर्यंत माहिती हवीच. प्रश्न वाचला की तिने मागे सरायचे. या दोन टप्प्यांची गल्लत झाल्यामुळे ‘भरपूर वाचा, आकलन आपोआप सुधारेल’ असा सल्ला दिला जातो. तो पहिल्या टप्प्यापुरता बरोबर आहे. कन्नडच्या वाचकांची अडचण दुसऱ्या टप्प्याची आहे, आणि आणखी वाचनाने ती वाढूही शकते.

दुसरा आक्षेप गृहीतकांवरच्या प्रश्नांचा. उताऱ्याबाहेर जायचेच नाही, तर लेखकाने न बोलता धरून चाललेली गोष्ट कशी शोधायची? आक्षेप रास्त आहे. गृहीतक व्याख्येनेच उताऱ्याबाहेर असते. पण तिथेही बाहेर जायचे ते लेखकाच्या युक्तिवादाला जेवढे लागते तेवढेच, आपल्याला आणखी काय माहीत आहे ते सांगायला नव्हे. ‘जायकवाडीत पाणी कमी आहे, म्हणून ऊस लावणे थांबवावे’ असा युक्तिवाद असेल, तर ऊस जायकवाडीच्या पाण्यावर घेतला जातो हे गृहीतक आहे. ऊस जास्त पाणी पिणारे पीक आहे, हेही. नाथसागर पैठणला आहे, हे खरे आहे आणि गृहीतक नाही. कसोटी सोपी : ती गोष्ट खोटी आहे असे धरा आणि युक्तिवाद कोसळतो का बघा. ऊस विहिरीच्या पाण्यावर होत असेल तर युक्तिवाद संपला. धरण पैठणऐवजी भलतीकडे असते तर काहीच बिघडत नाही. गंमत अशी, की नैयायिक ज्याला तर्क म्हणतात तो नेमका हाच आहे : विस्तव नाही असे धरू, मग धूर कुठून आला? वर मी त्यांना उझबेक शेतकऱ्याच्या शेजारी बसवले खरे, पण खोटे धरून पुढे चालण्याची ही वाट त्यांनाही माहीत होती.

तिसरा आक्षेप वेळेचा आणि फायद्याचा. 80 प्रश्न, 120 मिनिटे. प्रत्येक पर्यायाची ओळ शोधत बसलो तर पेपर सुटणार नाही. शिवाय 2022 पासून राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत हा पेपर 33 टक्क्यांच्या अर्हतेपुरता उरला, मग एवढा खटाटोप कशाला? दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. 200 पैकी 66 गुण, म्हणजे एकही चूक न करता 27 प्रश्न बरोबर हवेत, आणि चुकांची वजावट धरली तर जास्त. साधारण 50 प्रश्न उताऱ्यांवर असतात. गणिताची धास्ती असलेल्या कला शाखेच्या विद्यार्थ्याची सगळी भिस्त त्यांच्यावरच आहे, आणि या पेपरात अडकला तर पहिल्या पेपरातले घसघशीत गुण मोजलेही जात नाहीत. वेळेचे म्हणाल तर ओळ शोधायची ती सरावात, परीक्षेत नव्हे. सरावात महिना-दोन महिने प्रत्येक उत्तरासमोर उताऱ्यातली ओळ लिहायची सवय लावली, की ओळ नसलेला पर्याय परीक्षेत आपोआप खटकतो.

सराव कसा, ते आता नेमके सांगतो, कारण औरंगपुऱ्यातल्या दुकानांत मिळणाऱ्या सराव-संचांत याचा सरळ उलटा क्रम असतो. उतारे मुद्दाम आपल्या ओळखीच्या विषयांवरचे घ्या. अजिंठा, हैदराबाद मुक्तिसंग्राम, मिलिंद महाविद्यालय, दुष्काळ, जो विषय तोंडपाठ असेल तो. अनोळखी उताऱ्यावर ही चूक होतच नाही, मग तिथे सराव करून ती सुटणार कशी? दुसरे, चुकलेल्या उत्तरांची नुसती संख्या मोजू नका. प्रत्येक चुकीपुढे लिहा की उतारा समजला नव्हता, प्रश्न नीट वाचला नव्हता, की उत्तर बाहेरून आणले होते. टेस्ट सिरीजचा कटऑफ हे कधी सांगणार नाही. तिसरी चूक सर्वांत जास्त निघाली तर सामान्य ज्ञानाचा तास आणि उताऱ्यांचा तास दिवसाच्या दोन टोकांना ठेवा. चालू घडामोडींची उजळणी करून लगेच उतारे सोडवायला बसणे मला धोक्याचे वाटते, कारण नुकतीच वाचलेली माहिती बाहेर पडायला टपलेली असते.

एक आक्षेप उरतो, आणि तो तक्रारीच्या सुरात येतो : माहीत असलेले बाजूला ठेवायला लावणारी ही परीक्षा कसला अधिकारी निवडणार? अधिकाऱ्याला तर जग कळायला हवे. इथे मला परीक्षकाची बाजू घ्यावी लागते. वारसाच्या फेरफाराला कुणी हरकत घेतली की ती नोंद तक्रारी केसेसच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. सुनावणी घेणारा अधिकारी त्याच भागातला असेल, कोणत्या भावाने जमीन कसली आणि कोणता मुंबईला निघून गेला हे त्याच्या कानावर असेल, आणि ते खरेही असेल. तरी त्याने निकाल द्यायचा तो समोर आलेली कागदपत्रे आणि जबाब यांवरून. कानावरच्या खऱ्या गोष्टीवर दिलेला निकाल अपिलात टिकत नाही, कारण तिची उलटतपासणी करायची संधी दुसऱ्या भावाला मिळालेली नसते. जग कळण्याची परीक्षा पहिल्या पेपरात होते. दुसऱ्या पेपरातला उतारा म्हणजे समोरची फाइल.

ऋण गुणांचा हिशेब पुढच्या आठवड्यात, आणि आता खरोखरच. तोवर हे सोडवून ठेवा, वर्तुळे न काढता. विधाने : सर्व नहरी किल्ले आहेत. काही किल्ले विद्यापीठे आहेत. एकही विद्यापीठ नदी नाही. निष्कर्ष : (1) काही नहरी विद्यापीठे आहेत. (2) काही किल्ले नद्या नाहीत. (3) एकही नहर नदी नाही. तीनपैकी कोणते निष्कर्ष निघतात ते लिहा, आणि तिसऱ्यावर खूण केली असेल तर ती विधानांवरून केली की नहर पाहिलेली आहे म्हणून, तेही.